बारा किलोची आयशर

ती पावती अजून माझ्या दुकानातल्या ड्रॉवरात आहे. वाहन आयशर, माल सोयाबीन, भरलेलं वजन १२ किलो. खाली काट्यावरच्या मामांची सही. सही करून झाल्यावर त्यांनी आकडा वाचला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "भैय्या, ड्रायवरच ऐंशी किलोचा हाय की रं."

उदगीरला माझं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बीदर रस्त्याला आप्पांचा भुईकाटा, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून वजन करायचा काटा. सोयाबीनचा हंगाम म्हणजे दसऱ्यापासून दिवाळीनंतरपर्यंत तिथं गाड्यांची रांग रस्त्याला लागते. डाळ मिलच्या गाड्या वेगळ्या, त्या बारमाही. ऐन हंगामात एका संध्याकाळी काट्यावरचा जुना विंडोज एक्सपीचा कंप्युटर गेला. उघडून बघितलं तर मदरबोर्डवरचे चार कॅपॅसिटर भज्यासारखे फुगलेले. हार्ड डिस्क मात्र शाबूत. त्यावर काट्याचं सॉफ्टवेअर होतं, जे कुणीतरी कधीकाळी करून दिलं होतं. पावतीवर त्यांचा फोन नंबर छापलेला आहे, तो लागत नाही.

नवीन सॉफ्टवेअर घ्यायचं तर पैसे, आणि शिवाय ते बसवायला माणूस येणार कधी? दुकानात एक जुनं ड्युअल कोर मशीन पडून होतं, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची प्रणाली टाकलेलं. विंडोजचा परवाना विकत घ्यायला आप्पा तयार नव्हते आणि गल्लीत मिळतो तसला मी टाकत नाही. एकदा टाकला होता, त्याची गोष्ट वेगळी. म्हटलं, वाइनवर चालवून बघू.

"काय टाकायलास म्हणला?" आप्पांनी विचारलं.

"वाइन, आप्पा."

आप्पांच्या गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. काट्याच्या केबिनमध्ये तंबाखूची पुडीसुद्धा चालत नाही. मग मला समजावून सांगावं लागलं, की ही प्यायची नव्हे. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्राम विंडोजशिवाय लिनक्सवर चालावा म्हणून मधे जो दुभाषी लागतो, त्याचं हे नाव. १९९३ पासून लोक त्याच्यावर काम करताहेत, १.० म्हणायच्या लायकीची आवृत्ती यायला २००८ चा जून उजाडला. प्रोग्राम विंडोजला जे जे मागतो ते वाइन ऐकून घेतं आणि लिनक्सकडून करवून आणतं. आप्पा म्हणाले, "दुभाषी हाय तर हाय, पण नाव बदल पाटीवर." पाटी नव्हतीच कुठं, पण मी मान हलवली.

आता त्या सॉफ्टवेअरबद्दल थोडं. एक प्रोग्राम नव्हता तो, दोन होते. एकाचं नाव रीडर, त्याला खिडकी नाही, तो मागं गुपचूप बसतो आणि सिरीयल पोर्ट नावाच्या जुन्या पद्धतीच्या जोडणीवरून इंडिकेटरचे आकडे वाचतो. इंडिकेटर म्हणजे काट्यावरचा तो लाल आकड्यांचा डबा. दुसरा स्लिप, त्यात गाडी नंबर भरायचा, वजन दिसतं, बटण दाबलं की डॉट मॅट्रिक्सवर पावती. रीडर आकडा वाचतो आणि स्लिपला देतो. सगळं दुखणं त्या देण्याघेण्यात निघालं, पण तिथं पोचायला मला चार दिवस लागले.

पहिला दिवस माझ्या स्वतःच्या चुकीनं खाल्ला. मशीनला सिरीयल पोर्ट नव्हता, म्हणून यूएसबीची वायर लावली. वाइननं तिला कॉम ३३ असा नंबर दिला, प्रोग्रामला हवा कॉम १. वाइनच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगच्या वहीत, पोर्टची नोंद करून ते जमलं. मग परवानगी आडवी आली. लिनक्समध्ये सिरीयल पोर्ट वापरायला आपण डायलआऊट नावाच्या गटात असावं लागतं. मी स्वतःला गटात घातलं, पण त्यानंतर एकदा लॉगआऊट करून परत यावं लागतं ते विसरलो. वाचता येईना म्हणून घाईत रीडर सुडो लावून, म्हणजे रूट या सर्वाधिकारी युजरच्या नावानं चालवला, स्लिप साध्या युजरनं. रीडरनं पोर्ट वाचला, पण म्हणायला लागला की स्लिप चालूच नाही. समोर तर दिसतेय स्क्रीनवर!

खऱ्या विंडोजमध्ये दोन प्रोग्रामची गाठ घालून द्यायचं काम कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, करतं. वाइनकडं स्वतःचं कर्नल नाही. त्याच्याऐवजी वाइनसर्व्हर नावाची एक प्रोसेस मागं चालते. कुठल्या खिडक्या उघड्या आहेत, कुठल्या नावाची सामायिक, म्हणजे दोन प्रोग्रामनी मिळून वापरायची, मेमरी आहे, कोण कुणाची वाट बघतंय, हा सगळा हिशेब तिच्या वहीत. प्रत्येक प्रोग्राम तिच्याशी सॉकेटवरून बोलतो. पण ही वही दर युजरची वेगळी असते. सुडोनं चालवलेला रीडर रूटच्या वाइनसर्व्हरकडं विचारत होता आणि स्लिपची नोंद माझ्या वाइनसर्व्हरकडं. तहसील उदगीरचं आणि सातबारा देवणीला मागायचा, तसं. लॉगआऊट केलं, परत आलो, दोन्ही प्रोग्राम एकाच युजरनं चालवले, लगेच दोस्ती झाली.

दुकानात सगळं छान. इंडिकेटर दुकानात आणता येत नाही, त्यावर वैधमापन खात्याचं सील असतं आणि ते तसंच राहिलं पाहिजे. म्हणून मी दोन यूएसबी-सिरीयल वायरी एकमेकींना उलट्या जोडल्या. एकीची २ नंबरची पिन दुसरीच्या ३ ला, ३ ची २ ला, ५ ला ५. एका टोकाला पायथनची चार ओळींची स्क्रिप्ट, जी इंडिकेटरचं सोंग घेऊन आकडे पाठवते, दुसऱ्या टोकाला रीडर. तासभर आकडे धावले, स्लिपवर बरोब्बर दिसले. मी मशीन गाडीवर बांधलं आणि काट्यावर गेलो.

तिथं स्क्रीनवर शून्य. बाहेर इंडिकेटरवर लाल अक्षरांत १०८४० आणि आत स्लिपवर शून्य. मी वायर हलवतोय तोवर शून्याचे १२ झाले. मामांना वाटलं झालं चालू, त्यांनी सवयीनं बटण दाबलं. प्रिंटरनं कर्र कर्र करत पावती काढली. तीच ही पावती. पुढच्या काही सेकंदांत स्लिप बंद पडली आणि वाइनची खिडकी आली, की प्रोग्राममध्ये गंभीर अडचण आली आहे, क्षमस्व.

परत चालवलं. शून्य, शून्य, मग १२, मग धप्प. परत चालवलं. तेच.

मामांनी कार्बन घातलेलं जुनं पावतीपुस्तक कपाटातून काढलं आणि लाल आकडे बघून हातानं लिहायला सुरुवात केली. त्यामुळं धंदा थांबला नाही, हे सांगितलं पाहिजे. फक्त रांग वाढली. एक ट्रॅक्टरवाला खिडकीत डोकं घालून विचारून गेला, "आज सर्वर डाऊन हाय का?" आता सर्व्हर हा शब्द प्रत्येकाला माहीत झालाय, बँकेनं शिकवलाय.

माझा पहिला संशय काट्यावरच्या विजेवर. आपल्याकडं अर्थिंगची बोंब असते, आणि सिरीयलची वायर काट्यापासून केबिनपर्यंत लांब ओढलेली. वायर बदलली. दुसरी यूएसबी वायर लावली. बॉड रेट, म्हणजे आकडे पाठवायचा वेग, कमी करून बघितला. अर्थिंगच्या खड्ड्यात मामांनी दोन बादल्या पाणी ओतलं, मीठ टाकलं. काही फरक नाही. एकच गोष्ट लक्षात आली, ती मी मोबाईलचं घड्याळ लावून मोजली. सुरू केल्यापासून पडेपर्यंत दर वेळी साधारण २६ सेकंद. कधी २५, कधी २७, पण तेवढेच. खराब वायर अशी घड्याळ लावून खराब होत नाही. मग मला वाटलं, कुठंतरी सिरीयल पोर्टचा टाइमआऊट असणार, म्हणजे ठरावीक वेळ वाट बघून काम सोडून देणं. त्या टाइमआऊटच्या मागं दीड दिवस गेला. त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, तो तिथं नव्हता.

एक गोष्ट मी उशिरा केली, ती खरं तर आधी करायला हवी होती. दुकानात चालतं आणि काट्यावर पडतं, तर दोन्हीकडं फरक काय, हे नीट लिहून काढलं. वायर वेगळी, इंडिकेटर खरा, वीज वेगळी, आणि प्रिंटर. दुकानात प्रिंटर जोडलेला नव्हता. मी काट्यावर प्रिंटरची सेटिंग काढून टाकली आणि स्लिप चालवली. बाहेर लाल आकडा जो, तोच स्क्रीनवर. पाच मिनिटं झाली तरी पडेना. प्रिंटर परत निवडला, परत चालू केलं, २६ सेकंदांत धप्प.

वजन वाचण्याचा आणि प्रिंटरचा काय संबंध?

मशीन उचलून परत दुकानात आणलं, सोबत प्रिंटरही. आता दुकानातही पडायला लागलं. एखादं दुखणं आपल्या टेबलावर हुकमी उभं करता आलं, की निम्मं काम झालं असं मला वाटतं. बाकीचं निम्मं रात्रीचं असतं.

प्रोग्राम पडला की वाइन टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एक ओळ टाकून जातं. माझी ओळ अशी होती, की मेमरीतल्या ००९५१००० या पत्त्यावरून वाचायला गेलो आणि पान सापडलं नाही. विंडोजच्या भाषेत हा अपवाद सी००००००५, ज्यांनी विंडोजवर काम केलंय त्यांच्या तोंडपाठ असतो तो. मी आधी रिलेचा लॉग चालू केला, ज्यात प्रोग्राम विंडोजच्या कुठल्या फंक्शनला हाक मारतो ते प्रत्येक नोंदवलं जातं. एवढ्याशा वेळात फाइल फुगून अशी झाली, की ती उघडताना एडिटरच आडवा झाला. शिवाय सगळं इतकं मंद झालं की २६ सेकंदांचे चांगले तीन-चार मिनिटं झाले, आणि तिथंच टाइमआऊटवरचा माझा शेवटचा विश्वास उडाला. टाइमआऊट असता तर २६ सेकंदच राहिला असता. म्हणजे हे वेळ मोजत नव्हतं. दुसरं काहीतरी मोजत होतं.

पाच-सहा वेळा पाडून ओळी एकाखाली एक लिहिल्या. दर वेळी तोच पत्ता, ००९५१०००. शेवटचे आकडे १०००. हे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजायचे आकडे, त्यातले १००० म्हणजे आपले ४०९६. आणि ४०९६ बाइट म्हणजे मेमरीचं एक पान. पान संपलं त्या रेषेवर प्रोग्राम पडत होता. मग मी स्क्रिप्टकडं बघितलं. काट्यावरचा इंडिकेटर सेकंदाला पाच ओळी पाठवतो, माझी स्क्रिप्टही तितक्याच पाठवत होती. २६ सेकंदांत साधारण १२८-१३० ओळी. ४०९६ ला १२८ नं भागलं तर ३२. रीडर एकेक वजन ३२ बाइटच्या खणात टाकत पुढं सरकत असणार, १२८ खण झाले की पान संपतं, आणि १२९ व्या ओळीला प्रोग्राम खड्ड्यात.

रात्रीचे दीड वाजले होते. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं, बाहेर गुरखा काठी आपटत गेला. मी कागदावर १२८ गुणिले ३२ परत हातानं करून बघितलं, उगाचच.

पण मग पहिल्या १२८ ओळींना शून्य का दिसतं? आणि ते १२ कुठून येतं? वाइनसोबत त्याचा स्वतःचा डीबगर, म्हणजे प्रोग्रामच्या पोटात डोकावायचं हत्यार, येतो. तो पडलेल्या स्लिपला जोडला आणि ००९५०००० पासून पुढं काय लिहिलंय ते अक्षरांत दाखव म्हटलं. वजनाचा एक आकडा तिथं नव्हता. तिथं होती प्रिंटरची सेटिंग. कागदाचा आकार, समास, पोर्टचं नाव, आणि एका खणाच्या अगदी सुरुवातीला "१२ सीपीआय". डॉट मॅट्रिक्सवाल्यांना हे माहीत असतं, इंचात बारा अक्षरं. स्लिप त्या जागी वजन शोधत होती, मजकुरातून आकडा काढायला गेली की बाकी खणांत अक्षरं बघून काहीच मिळत नव्हतं, आणि या खणात सुरुवातीलाच १२. बारा अक्षरं प्रति इंच, म्हणून आयशर बारा किलोची.

मी एकटाच मोठ्यानं हसलो. मग हसू गेलं. कारण त्या खणात १२ च्या जागी ९६४० सारखं काही असतं तर? कागदाची लांबी, सिरीयल नंबर, तारीख, काहीही असू शकलं असतं. मामांनी सही केली असती, व्यापाऱ्यानं त्यावर पैसे दिले असते, आणि एखाद्या शेतकऱ्याचे दहा-बारा क्विंटल कुठं गेले हे कुणालाच कळलं नसतं. प्रोग्राम पडला म्हणून मी चार दिवस त्याला शिव्या देत होतो. तो पडला नसता तर हे कुणी शोधायलाच बसलं नसतं.

आता गाठ कुठं होती ते. वाइनचे दोन लॉग चालू केले, एक मेमरीची जागा कोण कुठं घेतंय ते सांगणारा, दुसरा खिडक्यांमधल्या निरोपांचा. चित्र असं निघालं. रीडर एक सामायिक मेमरी बनवतो, ८ किलोबाइटची. स्लिप तीच मेमरी नावानं मागून घेते. वाइनसर्व्हर दोघांनाही एकाच फाइलचा धागा हातात देतं आणि दोघं ती आपापल्या पत्त्यांच्या नकाशात कुठंतरी बसवून घेतात. मेमरी एकच, पण रीडरकडं ती ००९५०००० ला बसली आणि स्लिपकडं ०१२७०००० ला. यात वाइनचं काही चुकलं नाही. प्रत्येक प्रोसेसचा नकाशा स्वतंत्र असतो, तसा तो असलाच पाहिजे.

रीडर मात्र दर वजनाला स्लिपच्या खिडकीला एक निरोप टाकत होता, आणि निरोपात वजन पाठवत नव्हता. स्वतःकडचा पत्ता पाठवत होता, की ००९५००४० ला बघ.

कुणी सांगितलं "मारुतीच्या देवळासमोरचं घर", तर ते त्याच्या गावातलं. आपल्या गावातही मारुतीचं देऊळ असतं आणि त्याच्यासमोर कुणाचंतरी घर असतंच. स्लिप आपल्या गावातल्या मारुतीसमोर जाऊन दार वाजवत होती आणि तिथं प्रिंटरची सेटिंग राहत होती. प्रिंटर निवडला की स्लिप सुरू होतानाच सेटिंगसाठी एक पान मागायची, ते नेमकं ००९५०००० ला मिळायचं, आणि सामायिक मेमरीला पुढची जागा बघावी लागायची. प्रिंटर नसला की तीच जागा मोकळी, दोन्हीकडं सारखा पत्ता, सगळं सुरळीत. दुकानात म्हणून चालत होतं.

वाइनसर्व्हरनं हा पत्ता दुरुस्त करून का दिला नाही, असा प्रश्न मलाही पडला होता. खिडक्यांचे काही निरोप ठरलेले असतात, जसा मजकूर पाठवायचा कॉपीडेटा निरोप. त्यात पत्ता आहे हे विंडोजला आणि वाइनला माहीत असतं, म्हणून तिथं पत्त्यावरचा ऐवजच उचलून पलीकडं नेऊन ठेवला जातो. पण १०२४ च्या पुढचे निरोप प्रोग्राम लिहिणाऱ्याचे खासगी. त्यातले दोन आकडे पोस्टमननं न फोडता पोचवायचे असतात. त्यातला एक पत्ता आहे की गुणाकाराचं उत्तर, हे त्याला कसं कळणार?

ज्यानं हे लिहिलं तो मूर्ख होता असं मात्र मला वाटत नाही. प्रोग्रामच्या माहितीच्या खिडकीत २००० साल आहे. तेव्हा काट्यांवर विंडोज ९८ असायचं. आणि ९८ मध्ये सामायिक मेमरी बसायची ती पत्त्यांच्या वरच्या भागात, जो भाग सगळ्या प्रोग्रामना एकच होता. गावागावांचं मिळून एक गायरान म्हणा. तिथला पत्ता कुणीही कुणालाही सांगितला तरी बरोबरच लागायचा. त्यानं ९८ वर करून बघितलं, चाललं, दिलं. पुढं एक्सपी आली, जिच्यात असं गायरान नाही. तिथं मोकळ्या फटी अशा पडत गेल्या की दोन्ही प्रोग्रामना तोच पत्ता मिळत राहिला, आणि एवढी वर्षं गाड्या त्या योगायोगावर मोजल्या गेल्या. मी हे आप्पांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे आजवरचं नशीब हुतं म्हण की."

दुरुस्तीचे तीन रस्ते होते. पहिला सगळ्यात सोपा, स्लिप कशीतरी आधी-नंतर चालवून किंवा प्रिंटर उशिरा निवडायला लावून दोन्हीकडं सारखा पत्ता आणायचा. मी तो करून बघितला, चाललाही. पण ते पुन्हा नशिबावरच टाकणं झालं, फक्त आता नशीब माझ्या नावावर. दुसरा, सगळं नवीन लिहायचं. ते मी पुढं करणार आहे, पण आप्पांच्या वहीखात्यापासून जुन्या गाड्यांच्या रिकाम्या वजनापर्यंत सगळं त्या सॉफ्टवेअरच्या पोटात, हंगामात ते नको. तिसरा, स्लिपच्या आत हात घालायचा.

सोर्स कोड, म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्याचा मूळ मजकूर, नाही. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर खात्यानं २०१९ मध्ये तयार प्रोग्राम उलगडून दाखवणारं गिद्रा नावाचं हत्यार सगळ्यांसाठी फुकट खुलं केलं, त्यात स्लिप उघडली. निरोप घेणारं फंक्शन सापडायला वेळ लागला नाही, कारण पडल्याचा पत्ता हातात होताच. तिथं निरोपातला पत्ता उचलून सरळ वाचला होता. गंमत अशी, की सामायिक मेमरी आपल्याकडं कुठं बसली तो पत्ता स्लिपनं एका ठिकाणी नीट लिहून ठेवला होता. बंद होताना मेमरी सोडण्यासाठी. बाकी कुठंच वापरला नव्हता. उत्तर घरात होतं आणि विचारायला परगावी जात होती.

विंडोजमध्ये, आणि म्हणून वाइनमध्येही, अशी मेमरी बसते ती नेहमी ६४ किलोबाइटच्या हद्दीवर. म्हणजे पत्त्याचे खालचे १६ बिट, तेच शेवटचे चार आकडे, हे तिच्या सुरुवातीपासूनचं अंतर. ही मेमरी ८ किलोबाइटचीच, त्यामुळं अंतर त्या १६ बिटांत आरामात मावतं. रीडरनं पाठवलेल्या पत्त्याचा वरचा भाग पुसून टाकायचा, खालचं अंतर ठेवायचं, आणि त्यात स्लिपचा स्वतःचा सुरुवातीचा पत्ता मिळवायचा. गाव आपलं, आणि देवळापासून किती पावलं एवढंच त्याच्याकडून घ्यायचं. प्रोसेसरच्या भाषेत या दोन आज्ञा, एक ५ बाइटची, एक ६ बाइटची. मिळून ११. मूळ जागी एवढी फट नव्हती, म्हणून कोडच्या शेवटी भरतीची शून्यं असतात तिथं त्या लिहिल्या, आणि मूळ जागी तिकडं जायची उडी टाकली, तिकडं शेवटी परत यायची.

पहिल्यांदा चालवल्यावर स्लिप उघडताच पडली. उडीचं अंतर मी मूळ आज्ञेच्या सुरुवातीपासून मोजलं होतं, ते तिच्या शेवटापासून मोजायचं असतं. पाच बाइटची चूक. ती सुधारली.

आता माझा स्वतःवरच विश्वास नव्हता, तो बारा किलोचा आकडा डोळ्यांसमोर होता. स्क्रिप्ट बदलली. शून्यापासून काट्याच्या कमाल क्षमतेपर्यंत वाटेल ते आकडे पाठवायचे, आणि स्लिपनं दाखवलेला प्रत्येक आकडा पाठवलेल्याशी ताडून बघायचा, एक जरी चुकला तरी थांबायचं. हे रात्रभर चालू ठेवलं. मुद्दाम सामायिक मेमरी दर वेळी वेगळ्या जागी बसावी म्हणून स्लिप सुरू व्हायच्या आधी जागा अडवणारा एक छोटा प्रोग्रामही केला. सकाळी चहा पिऊन आलो तेव्हा लाखाच्या वर ओळी गेल्या होत्या आणि एकही चुकला नव्हता. मूळ फाइल वेगळी ठेवली, आप्पांना काय बदललं ते मराठीत एका कागदावर लिहून दिलं, त्यावर त्यांची सही घेतली. इंडिकेटरला, त्याच्या सीलला कुणी हात लावला नव्हता. वजन तोच करतो, कंप्युटर फक्त लिहून घेतो, हेही त्या कागदावर आहे.

काट्यावर मशीन बसवलं त्या दिवशी पहिलीच गाडी ट्रॅक्टर-ट्रॉली. मामांनी बटणावर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. काचेतून बाहेर वाकून लाल आकडे बघितले. मग स्क्रीन. मग परत लाल आकडे.

"दाबू का?"

"दाबा की मामा."

"नग. आधी तू तोंडानं सांग, तुझ्यात काय दिसायलंय."

"सहा हजार सातशे वीस."

"बरूबर." मग दाबलं.

आता हंगाम उतरलाय, गाड्या तुरीच्या यायला लागतील. स्लिप एकदाही पडलेली नाही. मामांनी मात्र शाळेची दोनशे पानी वही आणून ठेवलीय. प्रत्येक गाडीला लाल आकडा त्यात आधी पेन्सिलीनं लिहितात, मग बटण दाबतात, मग पावतीवरचा आकडा शेजारी लिहून बरोबरची खूण करतात. परवा मी म्हटलं, "मामा, आता काय गरज आहे?" तर त्यांनी वहीचं पहिलं पान उघडून दाखवलं. वर तारीख, खाली आयशर, लाल आकडा १०८४०, पावती १२. शेजारी खूण नाही, नुसती फुली.